सर रॉबर्ट प्रेस्टन : चौदाव्या शतकातील आयर्लंडमधील कायदा, जमीन आणि राजसेवा – एक अभ्यास

प्रस्तावना

भारतीय न्यायव्यवस्थेच्या इतिहासात इंग्लिश कॉमन लॉचा उल्लेख आला की अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः इ. स. १७२६ च्या राजसनदेकडे आणि त्या सनदेने मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे स्थापन झालेल्या मेयर कोर्टांकडे जाते. तथापि इंग्लंडचा हा कायदा समुद्र ओलांडून परक्या भूमीवर गेला तो त्याच्याही पाचशे वर्षे आधी. ती भूमी आयर्लंडची होती. एखाद्या देशाचा कायदा दुसऱ्या देशात नेला म्हणजे काय घडते, तो कोणाला संरक्षण देतो, कोणाला दाराबाहेर ठेवतो आणि तो कायदा जाणणाऱ्या वर्गाला त्यातून काय प्राप्त होते, या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी मध्ययुगीन आयर्लंडचा इतिहास म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

प्रस्तुत लेखात सर रॉबर्ट प्रेस्टन या चौदाव्या शतकातील वकील, न्यायाधीश व राजसेवकाच्या कारकिर्दीचा आढावा घेतला आहे. प्रेस्टन हा राजाच्या वतीने खटले चालविणारा सार्जंट होता. पुढे तो कॉमन बेंच या न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश झाला आणि आयुष्याच्या उत्तरार्धात आयर्लंडच्या चॅन्सेलरपदापर्यंत पोहोचला. त्याने जमीन मिळविली, घराणे स्थापिले आणि त्या जमिनीच्या कागदपत्रांची काळजीपूर्वक जपणूक होईल अशी परंपरा मागे ठेवली. वरवर पाहता ही एका यशस्वी माणसाची कहाणी आहे. परंतु बारकाईने पाहिल्यास तिच्यात वसाहतीतील कायद्याचे सामर्थ्य आणि त्या सामर्थ्याच्या मर्यादा या दोन्हींचे दर्शन घडते. तेच या लेखाचे मुख्य सूत्र आहे.

आयर्लंडमधील इंग्रजी कायदा : पार्श्वभूमी

इ. स. ११६९ मध्ये अँग्लो-नॉर्मन सरदारांच्या तुकड्या आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरल्या आणि दोनच वर्षांत, इ. स. ११७१ मध्ये, इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री स्वतः तेथे गेला. इ. स. ११७२ मध्ये त्याने मीथचा विस्तीर्ण प्रदेश पन्नास सरदारांच्या लष्करी सेवेच्या अटीवर ह्यू द लेसी यास दिला. इ. स. १२१० मध्ये राजा जॉन याने आयर्लंडमध्ये इंग्लंडचेच कायदे व प्रथा चालाव्यात असे ठरविले. इ. स. १२२७ मध्ये न्यायालयीन रिटांचा संग्रह डब्लिनला पाठविण्यात आला. इ. स. १२४६ मध्ये कॉमन लॉची सर्व रिटे आयर्लंडमध्ये लागू असल्याचे पुन्हा स्पष्ट करण्यात आले. राजाचा प्रतिनिधी असलेला जस्टिशियर, महामुद्रा सांभाळणारे चॅन्सरी खाते, महसूल व हिशेब पाहणारे एक्स्चेकर आणि दिवाणी दाव्यांसाठी कॉमन बेंच अशी वेस्टमिन्स्टरच्या धर्तीवरील यंत्रणा डब्लिनमध्ये उभी राहिली. नोंदी लॅटिनमध्ये होत आणि युक्तिवाद फ्रेंचमध्ये चालत. न्यायालयाबाहेरच्या बहुसंख्य लोकांची भाषा मात्र आयरिश होती.

हा कायदा आयर्लंडमध्ये आला, पण तो आयर्लंडमधील सर्वांसाठी आला नाही. एखाद्या आयरिश व्यक्तीने राजाच्या न्यायालयात दावा लावला, तर फिर्यादी आयरिश आहे एवढे सांगून प्रतिवादीला उत्तर देण्याचे टाळता येत असे. ज्यांनी राजाकडून इंग्रजी कायद्याचा लाभ व्यक्तिशः मिळविला होता त्यांना आणि ‘पाच रक्तां’मध्ये गणल्या गेलेल्या ओ’नील, ओ’कॉनर, ओ’ब्रायन, ओ’मेलाघलिन व मॅकमरो या राजघराण्यांतील व्यक्तींना यातून सूट होती. आयरिश माणसाचा वध हा राजाच्या कायद्यानुसार इंग्रज माणसाच्या वधासारखा गुन्हा ठरत नसे. कॅशेलचा आर्चबिशप डेव्हिड मॅक्‌कार्व्हिल याने इ. स. १२७७ च्या सुमारास आयरिश लोकांना इंग्रजी कायदा मिळावा म्हणून राजा पहिला एडवर्ड यास सात हजार मार्क देऊ केले आणि पुढे ही रक्कम दहा हजारांपर्यंत वाढविली. समान कायदा ही विकत मागावी लागणारी गोष्ट होती, एवढे या घटनेवरून स्पष्ट होते. ती योजना सिद्धीस गेली नाही. इ. स. १३१७ मध्ये डोनाल ओ’नील याच्या नावाने पोप बाविसावा जॉन यास पाठविलेल्या निवेदनात हीच तक्रार कडक शब्दांत मांडली गेली. आयरिश माणसावर कोणीही दावा लावू शकतो, पण तो स्वतः कोणावर लावू शकत नाही, असा तिचा आशय होता. इ. स. १३३१ मध्ये भूदास वगळता इंग्रज व आयरिश यांना एकच कायदा लागू करण्याचा अध्यादेश निघाला. तथापि व्यवहारात जुनी विभागणी नाहीशी झाली नाही.

प्रेस्टन ज्या कायद्याच्या आधारे मोठा झाला त्याचे स्वरूप असे होते.

घराणे आणि व्यावसायिक जडणघडण

प्रेस्टन घराण्याचे मूळ इंग्लंडमधील लँकेशर परगण्यातील प्रेस्टन या गावी होते. गावाचेच नाव आडनाव म्हणून रूढ झाले. आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, बॉइन नदीच्या मुखाजवळील ड्रोहेडा या भरभराटीच्या बंदरात हे घराणे व्यापाराच्या निमित्ताने स्थिरावले. रॉबर्टचा पिता रॉजर प्रेस्टन याने व्यापाराच्या जोडीला कायद्याचा मार्ग धरला आणि तो डब्लिनमधील राजन्यायालयांत न्यायाधीश झाला. व्यापारातून कायद्याकडे, कायद्याकडून न्यायासनाकडे आणि न्यायासनाकडून जमिनीकडे असा हा प्रवास दोन पिढ्यांत पूर्ण झाला. वसाहतीतील मध्यम स्तरावरील कुटुंबांना वर येण्यासाठी जे मोजके मार्ग उपलब्ध होते, त्यांत हा सर्वांत खात्रीचा होता. तलवारीने जमीन मिळविण्याचे दिवस तेराव्या शतकाबरोबर बहुतांशी संपले होते. आता ती करारपत्राने, विवाहाने आणि न्यायालयाच्या निवाड्याने मिळत होती.

त्या काळी कायद्याचे शिक्षण आजच्यासारखे महाविद्यालयात मिळत नसे. विद्यापीठांत रोमन कायदा व धर्मपीठाचा कायदा शिकविला जाई. कॉमन लॉ मात्र न्यायालयात बसून, अनुभवी वकिलांचे युक्तिवाद ऐकून आणि रिटांचे नमुने पाठ करूनच आत्मसात करावा लागे. आयर्लंडमध्ये तर टिकाऊ असे विद्यापीठही नव्हते. त्यामुळे अनेक तरुण लंडनला जाऊन वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयांत उमेदवारी करीत. न्यायाधीशाच्या घरी जन्मलेल्या मुलाला या शिक्षणाची पहिली पायरी घरातच उपलब्ध होती, हे ध्यानात घेतले म्हणजे चौदाव्या शतकात तीच ती घराणी पुन्हा पुन्हा न्यायासनावर का दिसतात, याचा उलगडा होतो.

रॉबर्ट प्रेस्टन व्यवसायात उभा राहत होता तो काळ आपत्तीचा होता. इ. स. १३४८ च्या उन्हाळ्यात प्लेगची महाभयंकर साथ आयर्लंडमध्ये पोहोचली. किल्केनी येथील फ्रान्सिस्कन साधू जॉन क्लिन याने लिहून ठेवलेल्या वृत्तांतानुसार डब्लिन आणि ड्रोहेडा ही शहरे या साथीने जवळजवळ ओस पाडली. ड्रोहेडा हे प्रेस्टन घराण्याचे गाव होते. साथीचा फटका बंदरे व दाट वस्तीच्या इंग्रज वसाहतींना विशेष बसला. माणसे कमी झाली, शेते पडीक राहिली, जमिनीचे उत्पन्न घटले आणि इंग्लंडमध्ये राहून आयर्लंडमधील जमिनीचा वसूल खाणाऱ्या धन्यांना ती जमीन सांभाळणे परवडेनासे झाले. प्रेस्टनसारख्या स्थानिक, जाणकार आणि रोख पैसा बाळगणाऱ्या माणसासाठी मात्र याच परिस्थितीने संधी निर्माण केली.

न्यायासनावर : डब्लिन ते कार्लो

राजाचा सार्जंट म्हणून काम केल्यानंतर इ. स. १३५८ मध्ये प्रेस्टन कॉमन बेंचचा मुख्य न्यायाधीश झाला. हे न्यायालय प्रजाजनांतील आपसांतील दिवाणी दावे चालवी. जमिनीचा ताबा, वारसा, विधवेचा वाटा, कर्ज आणि करार हे त्याचे नित्याचे विषय होते. अशा न्यायालयाच्या प्रमुखाला कोणाची जमीन कोणत्या आधारावर उभी आहे, कोणाचे कागद पक्के आहेत आणि कोणाचे कच्चे, याचे ज्ञान आपसूकच प्राप्त होई.

इ. स. १३६१ च्या सप्टेंबरमध्ये राजा तिसरा एडवर्ड याचा पुत्र लायोनेल हा राजप्रतिनिधी म्हणून सैन्यासह आयर्लंडला आला. इंग्रजी सत्तेची वेगाने होणारी पीछेहाट थांबविणे हे त्याचे उद्दिष्ट होते. त्याने ज्यांना ‘सर’ ही सरदारकी दिली, त्यांच्या तत्कालीन यादीत रॉबर्ट प्रेस्टनचे नाव येते. त्याच वर्षी लायोनेलने एक महत्त्वाचा निर्णय घेतला. एक्स्चेकर आणि कॉमन बेंच ही दोन्ही डब्लिनहून हलवून बॅरो नदीकाठच्या कार्लो या गावी नेण्यात आली. कार्लो हे दक्षिणेकडील इंग्रजी परगण्यांना जोडणारे ठिकाण होते. राजाचे न्यायालय व खजिना तेथे बसला की सीमेवरील प्रदेश ताब्यात राहील, असा त्यामागील हिशेब होता. गावाच्या तटबंदीसाठी लायोनेलने ५०० पौंड खर्च केले.

हा निर्णय कागदावर शहाणपणाचा होता. प्रत्यक्षात मात्र कार्लो मॅकमरो आदी आयरिश घराण्यांच्या हल्ल्यांच्या टप्प्यात होते. पक्षकार, वकील आणि हिशेब देण्यास येणारे अधिकारी तेथे जाण्यास घाबरत आणि वाटेतील धोक्याविषयी वारंवार तक्रारी होत. ज्या न्यायालयात दाद मागायची तेथपर्यंत पोहोचण्याचा रस्ताच सुरक्षित नसेल, तर त्या न्यायालयाच्या अधिकाराला व्यवहारात किती अर्थ उरतो, हा प्रश्न त्या काळच्या प्रत्येक पक्षकारापुढे उभा असणार. तरीही ही व्यवस्था तीन दशकांहून अधिक काळ चालली आणि अखेर १३९० च्या दशकात संपुष्टात आली. प्रेस्टनच्या न्यायिक कारकिर्दीचा मोठा भाग अशा तऱ्हेने सीमेवरील न्यायालयाच्या छायेत गेला.

या परिस्थितीच्या मुळाशी आर्थिक दुर्बलता होती. तेराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आयरिश एक्स्चेकरचे वार्षिक उत्पन्न सुमारे सहा हजार पौंडांच्या घरात होते. चौदाव्या शतकाच्या मध्यास ते दोन हजारांच्या आसपास घसरले. पहिल्या एडवर्डने ज्या वसाहतीच्या उत्पन्नावर वेल्स व स्कॉटलंडमधील युद्धे चालविली, तिच्याच रक्षणासाठी त्याच्या नातवाला इंग्लंडमधून पैसा पाठवावा लागला. अशा राज्यात न्यायाधीशाच्या पदाचे खरे मूल्य वेतनापेक्षा त्या पदाने मिळणाऱ्या माहितीत, ओळखींत आणि प्रतिष्ठेत होते.

जमीन : खरेदी आणि विवाह

इ. स. १३६३ मध्ये प्रेस्टनने अ‍ॅमरी द सेंट अमांड या सरदाराकडून गॉरमन्स्टन ही जहागीर विकत घेतली. गॉरमन्स्टन हे डब्लिन आणि ड्रोहेडा यांच्या दरम्यान, मीथ परगण्याच्या आग्नेय टोकाला डेल्विन नदीजवळ आहे. ही जागा किनाऱ्यालगत, सुपीक आणि तुलनेने सुरक्षित पट्ट्यात होती. सेंट अमांड हा इ. स. १३५७ ते १३५९ या काळात आयर्लंडचा जस्टिशियर होता, म्हणजेच प्रेस्टन मुख्य न्यायाधीश झाला तेव्हा तोच राजाचा प्रतिनिधी होता. दूरच्या मालकाने विकावे आणि स्थानिक कायदेपंडिताने घ्यावे, हा या व्यवहाराचा नमुना त्या शतकाचे प्रातिनिधिक चित्र मानता येईल. गैरहजर मालकांचा प्रश्न इतका गंभीर झाला होता की इ. स. १३८० मध्ये अशा मालकांच्या आयर्लंडमधील उत्पन्नाचा दोनतृतीयांश भाग देशाच्या संरक्षणासाठी घेण्याचा कायदा करण्यात आला.

दुसरी जमीन विवाहाने आली. प्रेस्टनची पत्नी मार्गारेट ही बर्मिंगहॅम या जुन्या अँग्लो-नॉर्मन घराण्यातील होती. इ. स. १३६१ मध्ये वॉल्टर बर्मिंगहॅम हा तरुण सरदार निधन पावला आणि त्याची मालमत्ता त्याच्या बहिणींत विभागली गेली. डब्लिनच्या तत्कालीन लॅटिन वार्षिक नोंदी सांगतात की त्यांपैकी एका बहिणीचा वाटा प्रेस्टनकडे आला. या हक्काने किल्डेअर परगण्याच्या वायव्येकडील कार्बरीच्या किल्ल्यावर आणि प्रदेशावर त्याचा दावा निर्माण झाला.

येथे कायद्याचा एक महत्त्वाचा मुद्दा समजून घेणे आवश्यक आहे. कॉमन लॉनुसार मुलगा वा भाऊ नसेल तर जमीन मुलींकडे किंवा बहिणींकडे समान वाट्याने जाई आणि विवाहानंतर तिचा ताबा पतीकडे येई. आयरिश प्रथेत मात्र जमिनीवरील हक्क पुरुषांच्या वंशगोतात राही. ती स्त्रीमार्फत दुसऱ्या घराण्यात जाणे हे त्या समाजाला मान्य होणारे नव्हते. सीमाभागातील अनेक जुनी इंग्रज घराणीही दोन शतकांच्या वास्तव्यात याच पद्धतीने वागू लागली होती. बहिणीच्या विवाहामुळे कुळाचा किल्ला एका वकिलाच्या हाती जावा, हे कार्बरीच्या बर्मिंगहॅम पुरुषांनी स्वीकारले नाही.

इ. स. १३६७ च्या सुमारास कार्बरीचे बर्मिंगहॅम आणि मीथमधील लोक यांच्यात मोठा संघर्ष पेटला. वार्षिक नोंदींनुसार प्रेस्टनने कार्बरीच्या किल्ल्यात भक्कम शिबंदी ठेवली आणि राजाच्या शत्रूंविरुद्ध पुष्कळ खर्च केला. पत्नीचा हक्क राखण्यासाठी त्याने हे केले, असे कारणही तेथे दिले आहे. त्या वाक्यात पत्नीचे नाव मात्र नाही. पुढील वर्षी याच बर्मिंगहॅम मंडळींनी वाटाघाटीच्या वेळी दगा करून खुद्द आयर्लंडचा चॅन्सेलर टॉमस बर्ली, मीथचा शेरीफ आणि इतर काही जणांना पकडले. ट्रिमच्या किल्ल्यात बेड्या घालून ठेवलेल्या जेम्स बर्मिंगहॅमला सोडून दिल्यानंतरच चॅन्सेलरची सुटका झाली.

ही घटना अनेक अर्थांनी बोलकी आहे. ज्याच्या हाती राजाची महामुद्रा होती तो अधिकारी ओलीस ठेवला गेला. ज्याच्या हाती न्यायदान होते त्याला स्वतःचा हक्क राखण्यासाठी न्यायालयाबरोबरच शिबंदीचाही आधार घ्यावा लागला. आणि ज्यांना ‘राजाचे शत्रू’ म्हटले गेले ते आयरिश नव्हते. ते इंग्रज वंशाचे, शिवाय प्रेस्टनच्या पत्नीचेच भाऊबंद होते. वसाहतीतील संघर्ष केवळ दोन वंशांमधील होता, असे सरळ चित्र रंगविणाऱ्यांनी कार्बरीचे उदाहरण अवश्य अभ्यासावे. तेथे संघर्ष होता तो जमीन कोणत्या कायद्याने धारण करायची यासंबंधीचा. पुढे इ. स. १५४१ मध्ये विल्यम बर्मिंगहॅम यास कार्बरीचा बॅरन ही पदवी मिळाली, यावरून हा वाद प्रत्यक्ष भूमीवर कोणाच्या बाजूने निकाली निघाला, हे ध्यानात येते.

किल्केनीचे कायदे आणि दोन कायदेपंडित

कार्बरीचा संघर्ष पेटण्याच्या एक वर्ष आधी, इ. स. १३६६ मध्ये, लायोनेलच्या अध्यक्षतेखाली किल्केनी येथे भरलेल्या संसदेने प्रसिद्ध ‘किल्केनीचे कायदे’ संमत केले. इंग्रजांनी आयरिशांशी विवाहसंबंध जोडू नयेत, मुले परस्परांकडे वाढविण्यास देऊ नयेत, इंग्रजी भाषा व इंग्रजी नावे वापरावीत, आपसांतील वाद ब्रेहन कायद्याने सोडवू नयेत, आयरिश भाट-गायकांना थारा देऊ नये, अशी बंधने त्यांत होती. इंग्लंडमध्ये जन्मलेले इंग्रज व आयर्लंडमध्ये जन्मलेले इंग्रज यांनी एकमेकांना हिणवू नये, असेही एक कलम होते. इंग्रजी बोलण्याची सक्ती करणारे हे कायदे स्वतः फ्रेंच भाषेत लिहिलेले होते.

प्रेस्टन या काळी न्यायव्यवस्थेच्या शिखरावरील मोजक्या व्यक्तींपैकी एक होता. हे कायदे आत्मविश्वासातून आले, असे म्हणता येत नाही. ज्या गोष्टी सर्रास घडतात त्यांवरच बंदी घालावी लागते. कार्बरीसारख्या ठिकाणी इंग्रज घराणी आयरिश प्रथांनी वागत होती, म्हणूनच त्या प्रथा गुन्हा ठरविण्याची गरज भासली.

ब्रेहन कायदा म्हणजे कायद्याचा अभाव नव्हे, हेही येथे नोंदविणे आवश्यक आहे. ती वंशपरंपरेने कायदेपंडित असलेल्या कुटुंबांनी सांभाळलेली, लिखित ग्रंथांवर आधारलेली व्यवस्था होती. वधाबद्दल मृताच्या नातलगांना भरपाई, पंचांनी केलेला निवाडा आणि वंशगोताची सामूहिक जबाबदारी ही तिची वैशिष्ट्ये होत. मॅक्‌एगन हे अशा कुटुंबांपैकी एक प्रमुख कुटुंब. इ. स. १३५० च्या नाताळच्या आदल्या रात्री या कुटुंबातील कॉनरचा पुत्र ह्यू या तरुणाने आपल्या पित्याच्या कायद्याच्या हस्तलिखितात एक टीप लिहिली. आयर्लंडमध्ये साथ आल्यापासूनचे हे दुसरे वर्ष असून या वर्षातून जिवंत पार पडावे, अशी प्रार्थना त्याने त्या पानावर केली. ते हस्तलिखित आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे.

ह्यू मॅक्‌एगन आणि रॉबर्ट प्रेस्टन हे समकालीन होते. दोघेही कायदेपंडितांचे पुत्र, दोघेही पित्याच्या ग्रंथांवर वाढलेले आणि दोघेही एकाच साथीच्या छायेत व्यवसायात उतरलेले. एकाच बेटावर, एकाच काळात, दोन पूर्ण विकसित न्यायपरंपरा शेजारी शेजारी नांदत होत्या. त्यांपैकी एकीने दुसरीला कायदा म्हणून मान्यताच दिली नाही. या अमान्यतेमागे त्या परंपरेच्या गुणदोषांचा विचार नव्हता, तर सत्तेचा निर्णय होता.

उत्तरायुष्य आणि वकिलांची वास्तू

कॉमन बेंचच्या मुख्य न्यायाधीशपदाशी प्रेस्टनचा संबंध सुमारे दोन दशके राहिला. १३८० च्या दशकाच्या अखेरीस आणि १३९० च्या दशकाच्या आरंभी त्याच्याकडे महामुद्रेचे रक्षण व काही काळ चॅन्सेलरपद आले. हे पद बहुधा बिशप अथवा मठाधिपती यांच्याकडे असे. त्यामुळे एका गृहस्थाश्रमी वकिलाला ते मिळणे हा त्याच्या दीर्घ अनुभवाचा गौरव मानता येतो. इ. स. १३९४ मध्ये राजा दुसरा रिचर्ड मोठ्या सैन्यासह आयर्लंडला आला आणि पुढील वर्षी अनेक आयरिश अधिपतींनी त्याच्यासमोर निष्ठेची शपथ घेतली. वसाहतीला स्थैर्य लाभल्याचा हा अल्पकालीन भास प्रेस्टनने पाहिला. इ. स. १३९६ मध्ये त्याचे निधन झाले.

आयरिश वकीलवर्गाच्या परंपरेत त्याचे नाव आणखी एका कारणाने टिकले. डब्लिनच्या तटाबाहेरील कॉलेट्स इन ही वकिलांची पूर्वीची वास्तू उद्‌ध्वस्त झाल्यानंतर प्रेस्टनच्या डब्लिनमधील घरात वकील व न्यायाधीश एकत्र राहू लागले, आणि ‘प्रेस्टन्स इन’ हे त्यांचे केंद्र बनले, असे ही परंपरा सांगते. पुढे इ. स. १५४१ मध्ये लिफी नदीच्या उत्तर तीरावरील डॉमिनिकन मठाच्या जागी ‘किंग्ज इन्स’ची स्थापना झाली. त्याच जागेवर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘फोर कोर्ट्स’ ही न्यायालयांची भव्य इमारत उभी राहिली.

घराण्याचे दप्तर आणि राष्ट्राचे दप्तर

प्रेस्टनच्या मृत्यूनंतर लगेच, इ. स. १३९७-९८ मध्ये, त्याचा पुत्र ख्रिस्तोफर याच्या काळात घराण्याच्या सर्व दस्तऐवजांच्या नकला एका नोंदवहीत उतरविण्यात आल्या. तीच ‘गॉरमन्स्टन रजिस्टर’ या नावाने ओळखली जाते. खरेदीखते, वारसाहक्काची कागदपत्रे, न्यायालयीन निवाडे असा तिचा आशय आहे. दुसऱ्या हेन्रीने ह्यू द लेसीला मीथ प्रदेश दिल्याची इ. स. ११७२ ची सनदही तिच्यात उतरवून घेतली आहे. स्वतःच्या हक्काची साखळी थेट विजेत्या राजापर्यंत नेऊन पोहोचविण्याची ही पद्धत वकिलाच्या घराण्याला साजेशी होती. इ. स. १९१६ मध्ये जेम्स मिल्स आणि एम. जे. मॅकेनरी यांनी या नोंदवहीचा सारांशरूप ग्रंथ संपादित करून प्रसिद्ध केला.

ख्रिस्तोफर प्रेस्टनची एक हकिकतही येथे उल्लेखनीय आहे. इ. स. १४१८ मध्ये राजप्रतिनिधीच्या विरोधकांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून त्याला किल्डेअरच्या अर्लसह अटक झाली. तेव्हा त्याच्याजवळ दोन दस्तऐवज सापडले. एक, संसद कशी भरवावी याचे विवरण करणारा ग्रंथ, आणि दुसरा, राज्यारोहणप्रसंगी राजाने घ्यावयाच्या शपथेचा मसुदा. राजाच्या अधिकाऱ्याशी वाद असताना राजाच्याच शपथेची प्रत जवळ बाळगणे ही कृती कायद्यावर वाढलेल्या घराण्याचे संस्कार दाखविते. बापाने कायद्याच्या साह्याने जमीन मिळविली होती. मुलाने त्याच कायद्याच्या साह्याने सत्तेला तिच्या कर्तव्याची आठवण करून देण्याची तयारी ठेवली होती. वसाहतीचा कायदा हा केवळ सत्तेचे हत्यार राहत नाही आणि तो शिकलेल्या माणसाच्या हाती सत्तेला प्रश्न विचारण्याचे साधनही बनतो, याचे हे एक प्रारंभीचे उदाहरण म्हणता येईल.

गॉरमन्स्टन रजिस्टरचे महत्त्व विसाव्या शतकात अनपेक्षितपणे वाढले. फोर कोर्ट्सच्या आवारातील सार्वजनिक अभिलेखागारात मध्ययुगीन न्यायालयांच्या मूळ नोंदी जतन केलेल्या होत्या. यादवी युद्धाच्या प्रारंभी, ३० जून १९२२ रोजी, झालेल्या स्फोटात व आगीत त्या जवळजवळ संपूर्ण नष्ट झाल्या. आयर्लंडमधील वकिलांच्या जुन्या वास्तूच्या जागेवरच आयर्लंडचा न्यायिक इतिहास भस्मसात व्हावा, हा विचित्र योगायोग होय. या दुर्घटनेला शंभर वर्षे पूर्ण होताना, जून २०२२ मध्ये, जगभरातील ग्रंथालयांत उरलेल्या प्रती व उतारे एकत्र करून ‘व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी ऑफ आयर्लंड’ हा डिजिटल संग्रह खुला करण्यात आला. पूर्वीच्या संशोधकांनी काढून ठेवलेली टिपणे आणि खासगी घराण्यांची दप्तरे यांच्या आधारे हरवलेल्या नोंदींची पुनर्रचना करण्याचा हा प्रयत्न आहे.

परंतु येथेच इतिहासाच्या अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. राष्ट्राचे दप्तर जळाले आणि घराण्याचे दप्तर उरले, याचा अर्थ आज आपल्याला तो काळ मोठ्या प्रमाणात जमीन मिळविणाऱ्यांच्या कागदांतून पाहावा लागतो. जप्त जमिनीचा मूळ मालक, गॉरमन्स्टनच्या शेतांत राबणारा भूदास, न्यायालयाच्या दारातून परत पाठविलेला आयरिश फिर्यादी आणि जिच्या हक्कासाठी किल्ल्यात शिबंदी ठेवली गेली ती मार्गारेट, यांचा आवाज या नोंदवहीत नाही. नष्ट झालेल्या न्यायालयीन नोंदींत तो निदान एखाद्या नाकारलेल्या दाव्याच्या रूपाने आढळण्याची शक्यता अधिक होती. हक्क सिद्ध करण्यासाठी तयार केलेले दप्तर हक्क नसलेल्यांविषयी मौन पाळते. हे मौन ऐकण्याची सवय संशोधकाने लावून घेतली पाहिजे.

समारोप

प्रस्तुत विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

पहिली बाब अशी की, रॉबर्ट प्रेस्टनची कारकीर्द ही वैयक्तिक कर्तृत्वाइतकीच एका सामाजिक प्रक्रियेची साक्ष आहे. चौदाव्या शतकातील आयर्लंडमध्ये कायद्याचे ज्ञान हे भांडवल होते आणि दोन पिढ्यांत त्याचे जमिनीत व प्रतिष्ठेत रूपांतर करता येत होते. त्याच्या वंशजाला इ. स. १४७८ मध्ये व्हायकाउंट गॉरमन्स्टन ही पदवी मिळाली, हे त्या प्रक्रियेचेच पुढचे पाऊल होय.

दुसरी बाब म्हणजे, हा कायदा काहींसाठी वाट आणि काहींसाठी भिंत होता. लँकेशरमधून आलेल्या व्यापाऱ्याच्या कुटुंबाला त्याने चॅन्सेलरपदापर्यंत नेले. त्याच भूमीत शतकानुशतके राहणाऱ्यांना मात्र त्याने दावा लावण्याचा अधिकारही सहजासहजी दिला नाही. पुढील काळात हाच कायदा भारतात आला तेव्हा त्याचे स्वरूप वेगळे होते. येथे प्रजेला न्यायालयाबाहेर सरसकट ठेवण्याऐवजी हिंदू व मुस्लिम अशी वर्गवारी करून वारसा, विवाह आदी बाबींत ज्याचा त्याचा कायदा लावण्याचे धोरण स्वीकारले गेले. दोन्ही ठिकाणचे मार्ग भिन्न असले तरी न्यायालयात उभ्या राहणाऱ्या माणसाला प्रथम ‘तू कोण?’ असे विचारून मग ‘तुझे म्हणणे काय?’ असे विचारण्याची रीत समान होती. आयर्लंड आणि भारत यांच्या तुलनात्मक कायदेविषयक इतिहासात या मुद्द्यावर अधिक संशोधनास वाव आहे.

तिसरी बाब म्हणजे, कागदावरील हक्क आणि भूमीवरील ताबा यांत अंतर राहते. गॉरमन्स्टन येथे दोन्ही एकत्र नांदले आणि ते घराण्याकडे विसाव्या शतकापर्यंत टिकले. इ. स. १९४७ मध्ये फ्रान्सिस्कन संघाने तो वाडा विकत घेतला आणि तेथे शाळा सुरू केली. कार्बरीत मात्र मुख्य न्यायाधीशाचा निर्दोष हक्कही त्याच्या पत्नीच्या भाऊबंदांपुढे टिकला नाही. ज्या समाजाने एखादा कायदा आपला मानलेला नसतो, तेथे तो तटबंदीच्या आत चालतो आणि बाहेर त्याला शिबंदी सोबत घेऊन जावे लागते. रॉबर्ट प्रेस्टनला हे न्यायासनावर बसून आणि किल्ल्याचा खर्च सोसून, असे दोन्ही बाजूंनी अनुभवावे लागले. त्याच्या चरित्राचे अभ्यासमूल्य मुख्यतः यातच आहे.